साधी काच

पाण्याचा जग तिच्या कानाजवळून गेला आणि तिच्या मागे असलेल्या हॉलच्या खिडकीवर आदळला. नक्षीच्या काचेचा एक चौकोन फुटला, तुकडे जाड पडद्यामागे खळकन खाली आले. पाणी कोमट होतं, एवढंच झालं होतं. ती वाकून जग उचलायला गेली तोवर तिचे यजमान, डॉक्टर, जवळ आले होते. त्यांनी तिचे केस मुठीत धरले, एक पीळ दिला आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मग दुसऱ्यांदा, जरा बेतानं.

“थंड पाणी. दोन शब्द आहेत,” ते म्हणाले. “दोन शब्द लक्षात राहत नाहीत?”

समोरच्या इमारतीतून खणखणीत हाक आली.

“वहिनी! अहो वहिनी! वाटीभर साखर आहे का हो?”

केसांतली मूठ सैल झाली.

“आहे, सिस्टर! आणते!” तिने ओरडून सांगितलं. आवाज अगदी घरगुती निघाला. इतक्या दिवसांत तिला ते जमायला लागलं होतं.

सिस्टर म्हणजे समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची निवृत्त नर्स. तिला मधुमेह होता आणि तिच्या घरात साखर खाणारं दुसरं कुणी नव्हतं. तरीही आजवर तिने इतक्या वाट्या नेल्या होत्या की तेवढ्यावर मिठाईचं दुकान निघालं असतं. गल्लीतल्या प्रत्येकाची अशी एकेक मागणी ठरलेली होती. सिस्टरच्या शेजारच्या शिंपिणीला नेमकी त्याच वेळी कात्री लागायची. खालच्या गॅरेजवाल्याला डॉक्टरांची गाडी जरा पुढेमागे करून हवी असायची. ‘काय चाललंय तुमच्याकडे?’ असं मात्र कुणी कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकून घ्यावं लागतं आणि मग पुढचं निस्तरावं लागतं; ती हौस कुणाला नव्हती. दुसऱ्या दिवशी जिन्यात ती म्हणायची, पातेलं पडलं. समोरचा म्हणायचा, पडतात हो. चीड यावी असाच हा चांगुलपणा होता. पण तिच्या डोक्याच्या आणि भिंतीच्या मध्ये येणारं दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने तो जिवापाड जपला होता.

डॉक्टर दातांचे होते. त्यांचा हात म्हणजे कापूस, असं पेशंट सांगत. याच हाताने एकदा तिचा पुढचा दात अर्धा तुटला होता. तो त्यांनी दवाखाना बंद झाल्यावर स्वतः नीट करून दिला आणि रंग इतका बेमालूम जुळवला की तिच्या सख्ख्या भावालाही कळलं नाही. काम करताना ते गुणगुणत होते. चेहऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

साखर देऊन ती परत आली तेव्हा ते गुडघ्यांवर बसून चिमट्याने काचेचे बारीक कण टिपत होते.

“या खिडक्या आता बदलायलाच हव्यात,” ते म्हणाले. “किती आवाज येतो बाहेरचा! दिवसभर कानाशी ड्रिल आणि घरी आलं की ही गल्ली. माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय?”

तिने झाडू आणि सुपली आणली.

खिडक्यांचा शोरूमवाला बोलका होता. त्याने दोन खिडक्या शेजारी शेजारी बसवून ठेवल्या होत्या, आणि दोन्हींच्या मागे बंद कोनाड्यात ट्रकचा भोंगा होता. पहिली उघडी ठेवून त्याने बटण दाबलं तशी तिघांनीही कान झाकून घेतले. ती सरकती खिडकी त्याने लावली. भोंगा गल्लीच्या टोकाला गेल्यासारखा वाटला. मग त्याने दुसरी, आत उघडणारी खिडकी ओढून घेतली, तिची मूठ फिरवली आणि तिच्या मागचा भोंगा चालू केला. काहीच झालं नाही. बटणावरचा लाल दिवा मात्र पेटला होता.

“बिघडलाय का?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे हो, बोंबलतोय तो. कान लावून बघा.”

डॉक्टरांनी काचेला कान लावला. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्भेळ आनंद तिने फार दिवसांत पाहिला नव्हता. या काचेतून सिस्टरची हाक आत येणार नव्हती. मुळात हाक मारावी असं काही सिस्टरपर्यंत पोचणारच नव्हतं. मग तो हात कशाने थांबणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“मला ती सरकती बरी वाटते,” ती म्हणाली.

“का गं?”

“पुसायला सोपी. आणि ही आत उघडते, जागा अडवते. माझ्या कुंड्या कुठे ठेवायच्या?”

शोरूमवाल्याने मान हलवली. तो आपल्या मालाबद्दल प्रामाणिक होता, आणि तिला त्या दिवशी नेमका एखादा लबाड माणूस भेटायला हवा होता.

“वहिनी, सरकत्या खिडकीत फट राहणारच. आवाजाला काय, केसाएवढी फट पुरते. ही बघा, मूठ फिरवली की चारही बाजूंनी रबरावर दाबून बसते.” त्याने पुन्हा मूठ फिरवून दाखवली. टक. “त्यात काचेचे दोन थर, मध्ये चिकट पापुद्रा. दगड मारलात तर तडा जाईल, पण फुटून खाली पडणार नाही.”

“आतून काही लागलं तरी?” डॉक्टरांनी विचारलं.

“आतून काय, बाहेरून काय, एकच.”

“आणि आतला आवाज? म्हणजे, मी कधीकधी गाणी लावतो जरा मोठ्याने.”

“बँड बोलवा हो घरात! समोरच्याला पत्ता लागणार नाही.”

शोरूमवाला हसला, डॉक्टर त्याहून जास्त हसले. त्यांनी घरात एकदाही गाणं लावलेलं तिला आठवत नव्हतं.

“सगळीकडे नको बसवायला,” ऑर्डर लिहायला सगळे टेबलाशी बसले तेव्हा ती घाईने म्हणाली. “स्वयंपाकघरात वाफ कोंडेल. तिथली राहू दे जुनी.”

“तिथे पंखा बसवू,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी टेबलाखाली तिचं मनगट हातात घेतलं. कुणी पाहिलं असतं तर त्याला कौतुकच वाटलं असतं. त्यांचा अंगठा दोन हाडांच्या मधली जागा शोधत गेला, तिथे थांबला आणि रुतला. नस कुठे असते हे त्यांना शिकवावं लागत नसे. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. “हिला ना, प्रत्येक गोष्टीची काळजी,” ते शोरूमवाल्याला म्हणाले.

“बायकांचं तसंच असतं, साहेब. बरं, काच कुठली देऊ? नक्षीची आहे, दुधी आहे, साधी आहे. आरशासारखीही येते, दिवसा बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही.”

डॉक्टरांचा फोन वाजला. कुणाची तरी दाढ ठणकत होती.

“ते हिला विचारा,” ते मनगट सोडून उठले. “घर सजवणं तिचं खातं.” आणि पेशंटला धीर देत ते दाराकडे गेले.

शोरूमवाला तिच्याकडे बघत राहिला. ती मनगट चोळत होती. सरकती खिडकी गेली, स्वयंपाकघर गेलं. ठरवायचं म्हणून आता एवढंच उरलं होतं, आणि त्याचं काय करायचं हे तिला त्या क्षणी धड उमगलंही नव्हतं. आपल्याला राग आलाय, एवढंच तिला कळत होतं.

“साधी,” ती म्हणाली.

“आतलं सगळं दिसेल हं, वहिनी. बशीवरची नक्षीसुद्धा.”

“दिसू दे. कुंड्यांना ऊन लागतं.”

“मध्ये आडवी पट्टी देऊ?”

“नको. एकच मोठी काच द्या.”

मिस्त्रीने सकाळी जुन्या चौकटी उखडायला घेतल्या आणि दुपार उतरेपर्यंत नव्या बसवल्या. हॉलमध्ये इतका उजेड आला की सोफ्यावरचे डाग दिसायला लागले. डॉक्टर आले तेव्हा मिस्त्री हत्यारं आवरत होता.

“पडद्याचा दांडा काढून ठेवलाय, साहेब. खिडकी आत उघडली की आडवा येतो. छताला लागून बसवावा लागेल, तुम्ही म्हणाल तेव्हा येतो.”

ते पडदे डॉक्टरांनीच हौसेने दुहेरी अस्तर लावून शिवून घेतले होते, आवाज अडवायला. त्यांनी खिडकी लावली, मूठ फिरवली आणि डोळे मिटून ऐकलं.

“आता पडदे हवेत कशाला?” ते म्हणाले. “नुसती धूळ खातात. राहू दे.”

डॉक्टरांचा सगळा कारभार कानावर चाले. पेशंटचं तोंड उघडं, त्याला बोलता येत नाही. कुठे दुखतंय ते त्याच्या घशातल्या आवाजावरून ओळखायचं. आवाज नाही, म्हणजे दुखत नाही. इतकी वर्षं ते असंच काम करत आले होते. त्यामुळे घरातला आवाज बाहेर जात नाही म्हणजे घरातलं काहीच बाहेर जात नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

“थांब, नीट तपासू,” मिस्त्री गेल्यावर ते म्हणाले. “मी खाली उभा राहतो. तू खिडकीत ये आणि ओरड. चांगलं बेंबीच्या देठापासून. काहीही ओरड.”

ती खिडकीत उभी राहिली. उतरतं ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं. खाली गॅरेजच्या दारात डॉक्टर कानामागे हात धरून वर बघत होते. शेजारी गॅरेजवाला फडक्याने हात पुसत उभा होता. काय गंमत चाललीय म्हणून त्यानेही वर बघितलं.

“अहो,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी हाताने खूण केली. मोठ्याने.

“अहो! येतंय का ऐकू?”

आणखी मोठ्याने, अशी खूण.

त्यानंतर जे तिच्या तोंडून निघालं, ते तिने ठरवलेलं नव्हतं. “वाचवा!” ती ओरडली. “मारतात मला! मारतात हो! कुणीतरी वाचवा!” हे शब्द तिने आयुष्यात कधी पुटपुटलेही नव्हते. आता ते काचेवर आपटून खोलीतच परत येत होते. तिच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, काचेवर वाफ धरली. “वाचवा!”

डॉक्टरांनी अंगठा वर केला. ते खुशीत गॅरेजवाल्याला काहीतरी सांगू लागले. गॅरेजवाल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचा फडक्याचा हात थांबला होता, आणि तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तिने तोंड मिटलं. त्याने मान खाली घातली, मग पुन्हा वर बघितलं.

“एक नंबर काम झालंय!” डॉक्टर वर येऊन म्हणाले. “एक अक्षर ऐकू आलं नाही. काय ओरडत होतीस गं?”

“चहा ठेवू का, असं विचारत होते.”

“ठेव ना.”

त्याच आठवड्यात त्यांनी तिला स्वयंपाकघरात मारलं. नेहमी ती स्वतःच तिकडे पळायची. मार खायचा तर निदान मागच्या बाजूला, चारचौघांपासून लांब, अशी तिची लाज होती. या वेळी त्यांनी आधी घरभर फिरून खिडक्यांच्या मुठी फिरवल्या. टक, टक, टक. मग कमरेचा पट्टा काढला. घाई कसलीच नव्हती. ती फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली आणि सवयीने हाकेची वाट बघत राहिली. साखर नाही, कात्री नाही, गाडी नाही. पट्ट्यापेक्षा ती वाट बघणं तिला जास्त लागलं. डॉक्टर थांबले ते हात भरून आल्यावर. मग त्यांनी कोपरापर्यंत स्वच्छ हात धुतले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दूध आणताना तिला सिस्टर भेटली.

“हल्ली अगदी शांत असतं हो तुमच्याकडे,” सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजातला सुटकेचा भाव लपत नव्हता. “बरं वाटतं.”

तिला सणसणून राग आला. “खिडक्या बदलल्यात, सिस्टर. आता ऐकू जात नाही, एवढंच.”

सिस्टरचा चेहरा उतरला. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मी एकटी बाई काय करणार, वहिनी? हाक मारत होते तेवढं...”

“तुम्ही काही करू नका. आमच्या हॉलमधलं दिसतं ना तुम्हांला?”

“दिसतं तर! पडदेच नाहीत.”

“शिंपिणीला?”

“सगळ्यांनाच दिसतं.”

“मग संध्याकाळी दिवे लागले की जरा खिडकीत उभ्या राहत जा. बाकी काही नको.”

सिस्टरने पिशवी छातीशी धरली. ती तशीच घाईघाईने निघून गेली.

पुढच्या खेपेला निमित्त चष्म्याच्या डबीचं होतं. ती जागेवर नव्हती. नुकतीच दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी हॉलच्या खिडकीची मूठ फिरवली, काचेत बघून शर्टाच्या बाह्या दुमडल्या. बाहेर अंधारलं की त्या काचेत आतून घरच दिसायचं: सोफा, कुंड्या, छताचा दिवा, डॉक्टर आणि ती.

“आत चल,” ते म्हणाले.

“नाही,” ती म्हणाली.

ती दिव्याखाली उभी राहिली, हॉलच्या मधोमध.  समोर कुणी उभं आहे की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. काचेत तिला तीच दिसत होती. सिस्टर कुठे बाहेर गेली असेल. शिंपिणीने खिडकी लावून घेतली असेल. गॅरेज बंद झालं असेल. तसं असेल तर हा मार फुकट जाणार होता, आणि त्या विचाराची तिला पट्ट्यापेक्षा जास्त भीती वाटली.

“काय म्हणालीस?”

“इथेच मारा.”

पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. ती खाली बसली, पण सरपटत दूर गेली नाही. त्यांनी तिला केसांना धरून उभं केलं. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, आणि ते त्यांना सहन होईना. आवाज नाही म्हणजे लागत नाही. म्हणून ते आणखी जोराने मारू लागले. पट्ट्याचं बक्कल तिच्या कानामागे लागलं आणि मानेवरून ऊन ऊन ओघळ उतरला. मग त्यांनी आपला नियमही मोडला. मुठीचा ठोसा तिच्या गालावर बसला. तिचं डोकं काचेवर आदळलं. काच धरून राहिली, नुसती घुमली.

“ओरड!” ते धापा टाकत म्हणाले. “ओरड ना! बघू कोण येतंय. ओरड!”

तिने दोन्ही तळवे काचेला टेकले होते. तिच्या नाकातलं रक्त काचेवर फासलं गेलं होतं. ती ओरडली नाही. त्यांनी तिला मागे खेचून पुन्हा काचेवर ढकललं, पुन्हा खेचलं, आणि अखेर दम लागून सोडून दिलं. ती घसरत खाली आली.

डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. काचेत बघून त्यांनी केस नीट केले. ती भिंतीच्या कडेने रांगत निघाली.

“कुठे चाललीस?”

 आतल्या दाराशेजारी बटणं होती, तिथपर्यंत ती पोचली, भिंतीला धरून उभी राहिली आणि तिने दिवा बंद केला.

“दिवा का घालवलास?”

काचेतलं घर पुसलं गेलं आणि तिथे गल्ली आली. सिस्टर आपल्या खिडकीत उभी होती, गज दोन्ही हातांनी घट्ट धरून. तिच्या बाजूच्या खिडकीत शिंपीण आणि तिचा नवरा. वरच्या मजल्यावर, त्याच्या वर गच्चीत, ज्यांच्याशी तिचं कधी बोलणंही झालं नव्हतं अशी माणसं. खाली रस्त्यात गॅरेजमधले कामगार, थांबलेली एक रिकामी रिक्षा आणि तिच्यातून उतरून वर बघणारा रिक्षावाला. सगळ्यांचे चेहरे याच खिडकीकडे होते. सगळ्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती. सिस्टर तर मानेच्या शिरा ताणून ओरडत होती. हात हवेत हलत होते. आत यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते केव्हापासून ओरडत होते कुणास ठाऊक. गॅरेजवाला आणि आणखी दोघे रस्ता ओलांडून पळत आले आणि खालच्या दारातून आत शिरून दिसेनासे झाले.

डॉक्टर ताडकन पुढे झाले. खिडकी उघडी राहिली असावी, असंच त्यांना वाटलं. त्यांनी मुठीला हात घातला आणि ती दाबली. खिडकी बंदच होती. त्यांनी मूठ पुन्हा दाबली, अंगातलं सगळं बळ लावून.

ती भिंत धरत धरत बाहेरच्या दाराकडे गेली आणि तिने कडी काढली.